पाण्यातले आणि शरीरातले औषधांचे अंश: मायक्रोएक्स्ट्रॅक्शन पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

औषधांचे अंश शोधण्याचं काम पहिल्यांदा हाती आलं तेव्हा मला वाटलं होतं की अवघड भाग यंत्राचा असणार. क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले रेणू वेगळे करणारं यंत्र) आणि मास स्पेक्ट्रोमीटर (वस्तुमानावरून रेणू ओळखणारं यंत्र) जमला की काम झालं. प्रत्यक्षात माझे पहिले चार महिने गेले ते यंत्राच्या अलीकडे. बाटलीभर पाण्यातून किंवा एक मिलिलिटर प्लाझ्मामधून (पेशी काढून टाकलेला रक्ताचा द्रव भाग) हवा तो रेणू उचलायचा, मीठ, प्रथिनं, ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून पाण्यात येणारी) मागे ठेवायची आणि उचललेलं सगळं काही मायक्रोलिटर द्रवात किंवा केसासारख्या बारीक फायबरवर आणायचं, एवढंच ते काम. यालाच मायक्रोएक्स्ट्रॅक्शन किंवा सूक्ष्म-निष्कर्षण म्हणतात.

शोधनिबंधांत हे दोन परिच्छेदांत उरकलेलं असतं: पीएच अमुक ठेवला, अर्धा तास ढवळलं, यंत्रात सोडलं. तोच पीएच का आणि ढवळताना काय काय बिघडतं, हे तिथे सापडत नाही. म्हणून हे लिहितेय.

आमच्या सरांची एक सवय होती. माझा आकडा विचित्र आला की ते विचारायचे, "औषध आत्ता कुठे आहे?" पाण्यात आहे, गाळणीवर अडकलंय, काचेला चिकटलंय, प्रथिनाला धरून बसलंय, की फायबरवरून उतरलंच नाही? पुढची प्रत्येक पायरी वाचताना हा प्रश्न जवळ ठेवा. माझ्या बहुतेक चुका याच प्रश्नाने सापडल्या.

१. आधी आकडा ठरवा

कोणतं तंत्र वापरू, हे विचारण्याआधी किती कमी प्रमाणापर्यंत पोचायचंय ते वहीत लिहा. कार्बामाझेपिन घेणाऱ्या रुग्णाच्या प्लाझ्मामध्ये उपचाराला योग्य पातळी साधारण ४ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर धरली जाते. तेच औषध सांडपाणी मिसळणाऱ्या नदीत नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजावं लागतं. १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे १० लाख नॅनोग्रॅम प्रति लिटर. रेणू एकच, पण दोन कामांत हजारो ते लाखो पटींचं अंतर.

पाण्यातही सगळी औषधं सारखी नाहीत. युरोपीय संघाने २०१५ मध्ये पाण्यातल्या पदार्थांची पहिली निरीक्षण यादी काढली. तिच्यात डायक्लोफेनॅकसाठी पद्धतीची शोधमर्यादा जास्तीत जास्त १० नॅनोग्रॅम प्रति लिटर ठेवली होती, आणि गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या एथिनिलएस्ट्राडिओलसाठी ०.०३५ नॅनोग्रॅम प्रति लिटर. दुसरा आकडा गाठायला पूर्ण वेगळी तयारी लागते.

यावरून पहिला निर्णय निघतो. पाण्याच्या कामात तुम्हाला मुख्यतः संहत करणं हवंय, म्हणजे मोठ्या आकारमानातलं थोडंसं औषध छोट्या थेंबात गोळा करणं. प्लाझ्मा किंवा लघवीच्या कामात बहुधा औषध पुरेसं असतं, तिथे हवी असते सफाई. हा फरक लक्षात न घेता मी प्लाझ्मासाठी शंभर पट संहत करणारी पद्धत बसवायला निघाले होते. त्याची काहीच गरज नव्हती.

सापळा: पाण्याचं आणि शरीरातल्या सॅम्पलचं काम एकाच टेबलावर, त्याच सिरिंजने करू नका. प्लाझ्माच्या स्टँडर्डचा (माहीत प्रमाणात औषध घातलेल्या द्रावणाचा) एक अदृश्य थेंब पाण्याची अख्खी बॅच वाया घालवतो.

२. रेणूची कुंडली मांडा

मला निवडायला सांगितलं तर मी सगळ्यात जास्त वेळ या पायरीला देईन. तंत्र कोणतंही असो, औषध पाण्यातून बाहेर यायला तयार आहे की नाही हे त्याच्या रसायनावर ठरतं. प्रत्येक औषधासाठी एका कागदावर पाच गोष्टी लिहा.

पहिली, पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित आणि निम्मे भाररहित असतात तो अंक. डायक्लोफेनॅकचा पीकेए साधारण ४ आहे. पीएच ७ च्या पाण्यात त्याचे ९९.९ टक्के रेणू ऋणभारित असतात, आणि भारित रेणूला पाणी सोडून तेलकट थरात शिरायचं नसतं. पीएच २ वर आणलं की ९९ टक्के रेणू भाररहित होतात आणि बाहेर यायला तयार होतात. आम्लधर्मी औषधासाठी सॅम्पलचा पीएच पीकेएच्या २ अंक खाली, आम्लारिधर्मी औषधासाठी २ अंक वर, हा साधा नियम. अमिट्रिप्टिलिनचा पीकेए ९.४ च्या आसपास, म्हणून तिथे पीएच ११.५ च्या पुढे जावं लागतं. कार्बामाझेपिन नेहमीच्या पीएचमध्ये भाररहितच असतं, त्याला पीएचचा फारसा फरक पडत नाही.

खरी अडचण येते दोन्हीकडून भारित होणाऱ्या औषधांची. सल्फामेथॉक्साझोलला आम्लाचा गट आहे आणि अमाइनचाही. त्याच्या पीकेएंची मूल्यं सुमारे १.७ आणि ५.७. भाररहित रूप मधल्या पट्ट्यातच मिळतं, म्हणून पीएच ३.५ ते ४ च्या आसपास काम करा. "आम्ल घातलं की झालं" असं समजून पीएच १ वर गेलात तर हाती काही लागत नाही.

दुसरी, लॉग पी, म्हणजे ऑक्टॅनॉल आणि पाणी यांच्यात रेणू कसा वाटला जातो. डायक्लोफेनॅकचा सुमारे ४.५, कार्बामाझेपिनचा सुमारे २.५, कॅफिनचा शून्याच्या आसपास, आणि मेटफॉर्मिनचा त्याच्याही खाली, ऋण. मेटफॉर्मिनवर साधं तेलकट फायबर किंवा ऑक्टॅनॉल वापरू नका. ते पाणी सोडत नाही. त्यासाठी आयन-जोडी करणारा पदार्थ, आयन-विनिमयाचा शोषक किंवा विद्युतदाबाची पद्धत लागते.

तिसरी, बाष्पशीलता. चौथी, उष्णता सोसण्याची ताकद. कार्बामाझेपिन गॅस क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या इंजेक्टरमध्ये तुटतं आणि इमिनोस्टिल्बेन तयार होतं, त्यामुळे त्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफीच बरी. पाचवी, प्रथिनबंधन. डायक्लोफेनॅक प्लाझ्मामध्ये ९९ टक्क्यांहून जास्त अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. औषध आत्ता कुठे आहे? प्रथिनाच्या खिशात.

३. तंत्र निवडा

नावं आणि आद्याक्षरं पाहून घाबरायला होतं. सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: सॅम्पलच्या मानाने अगदी थोडा ग्राहक पदार्थ, घन किंवा द्रव.

घन फायबर, एसपीएमई. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात यानुश पावलिशिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेलं हे तंत्र १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. सिलिकाच्या बारीक काडीवर पॉलिमरचा थर असतो, काडी सुईत लपलेली असते. सॅम्पलमध्ये बुडवायची किंवा वरच्या हवेत धरायची, नंतर थेट गॅस क्रोमॅटोग्राफच्या इंजेक्टरमध्ये तापवायची. द्रावक जवळजवळ लागत नाही. बाष्पशील औषधांना उत्तम. फायबर मात्र नाजूक असतं, सुई वाकली की गेलं.

लेप दिलेला स्टर-बार, एसबीएसई. १९९९ चं तंत्र. ढवळायच्या चुंबकाच्या कांडीवर पीडीएमएसचा (सिलिकॉनच्या पॉलिमरचा) जाड थर. १०० मायक्रोमीटरच्या फायबरवर सुमारे ०.६ मायक्रोलिटर पीडीएमएस असतं, लहान स्टर-बारवर २४ मायक्रोलिटर. हा फरक किती मोठा आहे ते हिशोबानेच दिसतं. समजा एखाद्या औषधाचा पीडीएमएस आणि पाण्यातला वाटणी-गुणांक १००० आहे (म्हणजे समतोलाला पीडीएमएसमधलं प्रमाण पाण्यातल्या हजार पट) आणि सॅम्पल १० मिलिलिटर. समतोल गाठल्यावर फायबरवर येईल ०.६ भागिले १०.६, म्हणजे साधारण ५.७ टक्के. स्टर-बारवर येईल २४ भागिले ३४, म्हणजे ७० टक्क्यांहून थोडं जास्त.

हा ५.७ चा आकडा बघून नवखे लोक हताश होतात. होऊ नका. फायबरची पद्धत सगळं औषध उपसायला बनलेलीच नाही. दर वेळी तोच ५.७ टक्के येत असेल तर आकडा पक्का आहे, आणि उचललेलं सगळं यंत्रात जातं हा फायदा वेगळाच.

पोकळ तंतू, एचएफ-एलपीएमई. माझं आवडतं. ओस्लो विद्यापीठातल्या स्टिग पेडरसन-ब्येरगार्ड आणि क्नुट रासमुसेन यांनी १९९९ मध्ये मांडलं. पॉलिप्रॉपिलीनच्या पोकळ तंतूच्या भिंतीतल्या छिद्रांत तेलकट द्रावक मुरवायचा आणि आतल्या पोकळीत काही मायक्रोलिटर ग्राहक द्रव भरायचा. छिद्रं साधारण ०.२ मायक्रोमीटरची, त्यातून प्रथिनं आणि कचरा आत येत नाही. प्लाझ्मा आणि लघवीसाठी याच्याइतकी स्वच्छ पद्धत मी वापरलेली नाही. २००६ मध्ये याच दोघांनी त्यात विद्युतदाब जोडला. तिथे भारित रेणू दाबाच्या ओढीने पडद्यातून सरकतात, काम काही मिनिटांत होतं.

विखुरलेले थेंब, डीएलएलएमई. २००६ मध्ये इराणमधल्या संशोधकांनी, रेझाई आणि असादी यांच्या गटाने, मांडलं. निष्कर्षक द्रावक आणि पाण्यात मिसळणारा दुसरा द्रावक एकत्र करून पाण्यात जोरात सोडायचे. दुधासारखा ढग तयार होतो, असंख्य सूक्ष्म थेंबांमुळे औषध काही सेकंदांत उचललं जातं, मग सेंट्रीफ्यूज करून तळाचा थेंब घ्यायचा. यंत्रसामग्री जवळपास नाही. पहिल्यांदा शिकायला आणि स्वच्छ पाण्यासाठी मी हेच सुचवेन. प्लाझ्मावर मात्र थेट वापरू नका, प्रथिनांचा चिकट थर मध्ये येतो.

सिरिंजमधला शोषक, एमईपीएस. २००४ मध्ये मोहम्मद अब्देल-रहीम यांनी मांडलेलं. सिरिंजमध्ये १ ते ४ मिलिग्रॅम शोषक, सॅम्पल वर ओढायचं, खाली ढकलायचं, धुवायचं, थोड्या द्रावकाने औषध उतरवायचं. सॅम्पल अगदीच थोडं असेल तेव्हा सोयीचं. घट्ट प्लाझ्माने ते तुंबतं, म्हणून आधी पातळ करा.

एकच थेंब सुईच्या टोकाला लटकवायची पद्धतही आहे, १९९६ पासूनची. शिकायला छान, रोजच्या कामात थेंब पडत राहतो.

४. जमवाजमव

कागदपत्रं आधी. ही नसतील तर सॅम्पल हातात घेऊ नका:

- माणसाचं सॅम्पल असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आणि देणाऱ्याची लेखी संमती
- नियंत्रित यादीतल्या औषधाचं शुद्ध स्टँडर्ड वापरणार असाल तर बाळगण्याचा परवाना आणि वापराची नोंदवही
- प्रत्येक स्टँडर्डचं शुद्धता-प्रमाणपत्र, बॅच क्रमांक आणि मुदत
- सॅम्पल कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी-नोंद
- द्रावकांची सुरक्षा-माहितीपत्रकं आणि जैविक कचऱ्याची व्यवस्था

सामानात गडद काचेच्या बाटल्या, सिलॅनाइझ केलेल्या (औषध काचेला चिकटू नये म्हणून लेप दिलेल्या) व्हायल, काचतंतूच्या गाळण्या, १० आणि ५० मायक्रोलिटरच्या सिरिंज, पीएच मीटर, चुंबकीय स्टरर, सेंट्रीफ्यूज, मायक्रोपिपेट आणि व्हायलमध्ये बसणारे बारीक कोन (शंकूच्या आकाराच्या छोट्या नळ्या). हा शेवटचा कोन विसरू नका. २५ मायक्रोलिटर द्रव साध्या व्हायलच्या तळाशी पसरतो आणि यंत्राची सुई हवा ओढते. आणि ड्युटेरियम घातलेले अंतर्गत स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक सॅम्पलमध्ये ठरावीक प्रमाणात घालायचं तेच औषध, फक्त त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन. त्यांच्यावर काटकसर करू नका, कारण पुढे खाली येणाऱ्या जवळपास प्रत्येक अडचणीतून तेच वाचवतात.

५. सॅम्पल घेणं आणि सांभाळणं

पाणी: गडद काचेच्या बाटलीत घ्या, बर्फावर आणा, ४ अंश सेल्सिअसला ठेवा, शक्य तितक्या लवकर त्यातलं औषध काढा. क्लोरीन घातलेलं पाणी असेल तर जागेवरच अॅस्कॉर्बिक आम्ल किंवा सोडियम थायोसल्फेट घाला, नाहीतर बाटलीतल्या बाटलीत क्लोरीन औषधावर प्रक्रिया करत राहतं. जंतूंसाठी काही जण सोडियम अझाइड घालतात. ते विषारी आहे, आणि त्यात आम्ल पडलं तर हायड्राझोइक आम्लाचा घातक वायू सुटतो. आम्लधर्मी औषधांसाठी पुढे आम्ल घालायचंच असतं, म्हणून मी अझाइडच्या वाटेला जात नाही.

एकदाच भरलेली बाटली त्या क्षणाचं पाणी सांगते. सांडपाण्यातलं औषधाचं प्रमाण दिवसभरात वरखाली होतं, त्यामुळे २४ तासांचं मिश्र सॅम्पल मिळत असेल तर तेच घ्या.

रक्त: कोणता गोठण-रोधक वापरला ते नोंदवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. लवकर सेंट्रीफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करा. लालसर दिसणारा प्लाझ्मा म्हणजे पेशी फुटलेल्या आहेत, त्याची वेगळी नोंद करा. उणे २० किंवा उणे ८० अंशांना छोट्या भागांत गोठवा, म्हणजे तीच नळी पुन्हा पुन्हा वितळवावी लागणार नाही.

लघवीचा पीएच माणसागणिक साधारण ४.५ ते ८ असतो. सगळ्या सॅम्पलना मोजून सारखाच बफर घातला म्हणजे पीएच सारखा होतोच असं नाही. बफर पुरेसा तीव्र ठेवा आणि घातल्यावर पुन्हा मोजा.

६. सॅम्पलला तयार करणं

इथे औषध सगळ्यात जास्त हरवतं.

गाळताना तेलकट औषध गाळणीला चिकटतं. शुद्ध पाण्यात ठरावीक प्रमाणात औषध घालून गाळण्याआधी आणि नंतर मोजा, मगच गाळणी ठरवा. गाळणीवर अडकलेला गाळही फेकण्याआधी विचार करा. औषधाचा काही भाग गाळाच्या कणांवर असतो आणि तुमचा आकडा फक्त विरघळलेल्या भागाचा आहे, हे अहवालात लिहावं लागतं.

आम्ल घालायचं असेल तर अगदी शेवटी, निष्कर्षणाच्या लगेच आधी. आम्लात डायक्लोफेनॅकची विद्राव्यता कमी होते, शिवाय ते हळूहळू दुसऱ्या रेणूत बदलत जातं. मी एकदा बाटल्या आदल्या दिवशी आम्ल घालून ठेवल्या होत्या आणि सकाळी निम्मं औषध सापडलं नाही.

प्लाझ्मा बफरने पातळ करा. गरज पडली तर प्रथिनं अॅसिटोनायट्राइलने आधी खाली बसवा, पण मग तो अॅसिटोनायट्राइल उडवा किंवा खूप पातळ करा. राहिला तर औषध पाण्यातच रमतं आणि पोकळ तंतूच्या भिंतीतला द्रावकही धुवून निघतो.

लघवीत अनेक औषधं ग्लुकुरोनाइडच्या रूपात (शरीराने साखरेसारखा रेणू जोडून) बांधलेली असतात. एकूण प्रमाण हवं असेल तर बीटा-ग्लुकुरोनिडेज एन्झाइमने आधी सोडवा. एन्झाइमला आवडणारा पीएच आणि निष्कर्षणाला हवा तो पीएच वेगळे असतात, म्हणून क्रम पाळा: एन्झाइम, थंड करणं, मग पीएच बदलणं. अंतर्गत स्टँडर्ड मात्र या सगळ्याच्या आधी, सॅम्पल हातात घेतल्याबरोबर घाला. नंतर घातलं तर आधी हरवलेल्या औषधाची त्याला खबरच नसते.

७. प्रत्यक्ष निष्कर्षण

तीन पद्धती हाताने करून दाखवल्यासारख्या सांगते.

पोकळ तंतू, प्लाझ्मामधल्या अमिट्रिप्टिलिनसाठी

१. तंतूचे सारख्या लांबीचे तुकडे कापा, अॅसिटोनमध्ये धुवा, पूर्ण वाळू द्या.
२. तुकडा काही सेकंद डायहेक्सिल ईथरमध्ये बुडवा. छिद्रं भरली की तंतू अर्धपारदर्शक दिसतो. बाहेरचा जास्तीचा द्रावक पाण्याने धुवा किंवा टिपकागदाने टिपा.
३. सिरिंजने पोकळीत २५ मायक्रोलिटर १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल भरा. बुडबुडा राहिला तर पुन्हा भरा.
४. १ मिलिलिटर पातळ केलेल्या प्लाझ्मात सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या आसपास आणा, तंतू बुडवा, झाकण लावा.
५. ३० ते ४५ मिनिटं हलवत ठेवा.
६. आतलं आम्ल सिरिंजने परत ओढा, आकारमान बघा, थेट द्रव क्रोमॅटोग्राफमध्ये सोडा.

बाहेर अमिट्रिप्टिलिन भाररहित असतं, म्हणून ईथरमध्ये शिरतं. आत आम्लात गेलं की भारित होतं आणि परत येऊ शकत नाही. आम्लधर्मी औषधासाठी सगळं उलट करा: बाहेर आम्ल, आत सोडियम हायड्रॉक्साइड. १ मिलिलिटरमधून २५ मायक्रोलिटरमध्ये म्हणजे जास्तीत जास्त ४० पट संहत. ६० टक्के औषध आत आलं तर २४ पट. ४० पेक्षा जास्त पट आली, तर आनंद मानू नका: आतला द्रव गळालेला किंवा सुकलेला आहे, किंवा तुमचं स्टँडर्ड चुकलंय.

विखुरलेले थेंब, पाण्यासाठी

५ मिलिलिटर पाणी शंकूच्या आकाराच्या नळीत घ्या. १ मिलिलिटर अॅसिटोन किंवा मिथेनॉलमध्ये काही दहा मायक्रोलिटर क्लोरोबेंझिन मिसळा, सिरिंजने एका झटक्यात सोडा. ढग दिसला की ५ मिनिटं सेंट्रीफ्यूज करा, तळाचा थेंब घ्या, त्याचं आकारमान मोजा. अॅसिटोन जास्त झाला तर औषधाला पाण्यातच बरं वाटतं, कमी झाला तर ढग होत नाही.

सापळा: शिकवताना मीठ घालायला सगळे सांगतात. क्लोरोबेंझिनची घनता १.११ आणि मिठाने संपृक्त पाण्याची सुमारे १.२. म्हणजे थेंब तळाला न बसता वर तरंगतो आणि तुम्ही तळाशी शोधत बसता. जास्त मीठ हवंच असेल तर क्लोरोफॉर्मसारखा जड द्रावक घ्या. क्लोरीनयुक्त द्रावकांची वाफ आरोग्याला वाईट, म्हणून फ्यूम हूडमध्येच काम करा. मला स्वतःला १-डोडेकॅनॉल जास्त आवडतं: ते हलकं असतं, वर तरंगतं, साधारण २४ अंशांखाली गोठतं. नळी बर्फात ठेवली की थेंब घट्ट होतो, चमच्याने उचलून वितळवायचा.

फायबर, बुडवून किंवा वरच्या हवेतून

नवं फायबर उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला तापवून घ्या आणि लगेच रिकामं चालवून बघा, आलेखात शिखरं दिसता कामा नयेत. मग दर वेळी तेवढंच सॅम्पल, तेवढीच व्हायल, फायबर बुडवण्याची तेवढीच खोली, तोच वेग. इंजेक्टरमध्ये अरुंद लायनर (आतली काचनळी) लावा, साध्या रुंद लायनरमध्ये शिखरं पसरतात. औषध उतरवून झालं की तेच फायबर पुन्हा एकदा इंजेक्टरमध्ये घाला. दुसऱ्या वेळी औषध दिसलं तर पहिल्यांदा पूर्ण उतरलं नव्हतं.

लघवीतली अमाइन वर्गातली बाष्पशील औषधं असतील तर पाण्यात बुडवूच नका. पीएच वाढवा, मीठ घाला, व्हायल तापवा आणि फायबर वरच्या हवेत धरा. प्रथिनं आणि मीठ फायबरला लागत नाहीत, आयुष्य वाढतं. तापमान मात्र जपून वाढवा: हवेत औषध जास्त येतं, पण गरम फायबर ते कमी धरतं. मधे कुठेतरी एक सर्वोत्तम तापमान असतं, ते शोधावं लागतं.

८. कोणती गोष्ट आधी बदलून बघायची

पीएच पहिला. मग द्रावक किंवा फायबरचा थर. मग वेळ आणि ढवळण्याचा वेग. मीठ आणि तापमान शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर सुरुवातीचा अंदाज येतो, पण मीठ आणि पीएच, वेळ आणि तापमान यांचे परिणाम एकमेकांत गुंतलेले असतात. शेवटच्या दोन-तीन गोष्टींसाठी प्रयोगांची सांख्यिकी आखणी शिकून घ्या.

वेळेबद्दल एक दिलासा. समतोल गाठायलाच हवा असं नाही. समतोलाला २ तास लागत असतील आणि २० मिनिटांत पुरेसं औषध येत असेल तर २० मिनिटंच घ्या. फक्त मग घड्याळ सेकंदाला पक्कं हवं. फोन आला म्हणून एक व्हायल २३ मिनिटं राहिली, तर तो आकडा टाकून द्या.

वेगाने ढवळलं की काम लवकर होतं, पण तंतूवर बुडबुडे बसतात आणि लटकलेला थेंब पडतो.

९. ब्लँक, कॅलिब्रेशन आणि पडताळणी

ब्लँक, म्हणजे औषध न घातलेलं सॅम्पल सगळ्या प्रक्रियेतून नेणं, हे केवळ औपचारिकता म्हणून करू नका. मला एकदा शुद्ध पाण्याच्या ब्लँकमध्ये डायक्लोफेनॅक सापडलं. काच बदलली, द्रावक बदलला, आठवडा गेला. शेवटी कळलं, बॅच लावणाऱ्या सहकाऱ्याच्या मनगटाला दुखण्याचं जेल लावलेलं होतं. कॅफिन, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक हे माणसांबरोबर प्रयोगशाळेत चालत येतात. हातमोजे घाला, आणि दर बॅचमध्ये सुरुवातीला, मधे आणि शेवटी ब्लँक ठेवा.

कॅलिब्रेशन (यंत्राचा संकेत आणि औषधाचं प्रमाण यांची जुळणी) शुद्ध द्रावकात नको. औषध घातलेल्या त्याच प्रकारच्या सॅम्पलला संपूर्ण प्रक्रियेतून न्या. शरीरातल्या सॅम्पलसाठी २०२२ चा आयसीएच एम १० हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पाया म्हणून धरा. ब्लँक सोडून किमान ६ प्रमाणं, अचूकता १५ टक्क्यांच्या आत आणि सगळ्यात खालच्या प्रमाणाला २० टक्क्यांच्या आत, मॅट्रिक्सचा, म्हणजे सॅम्पलमधल्या औषधाखेरीज बाकी सगळ्याचा, परिणाम किमान ६ वेगवेगळ्या माणसांच्या सॅम्पलमध्ये. हा शेवटचा मुद्दा लोक टाळतात. एकाच माणसाच्या प्लाझ्मावर सुरेख चालणारी पद्धत दुसऱ्याच्या तेलकट प्लाझ्मावर कोसळते.

मॅट्रिक्सचा परिणाम बघायला तीन संच करा: शुद्ध द्रावकात औषध, औषध नसलेल्या सॅम्पलचं निष्कर्षण करून मिळालेल्या अर्कात घातलेलं औषध, आणि सुरुवातीलाच औषध घालून काढलेलं सॅम्पल. दुसरा भागिले पहिला म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये संकेत किती दबला किंवा वाढला. तिसरा भागिले दुसरा म्हणजे निष्कर्षणात किती हाती आलं. दोन्ही वेगळे पाहिले नाहीत तर दोष निष्कर्षणाचा की यंत्राचा, हे कधीच कळत नाही.

१०. आकडा लिहिताना

फायबर अगदी थोडं औषध उचलतं तेव्हा ते प्रत्यक्षात प्रथिनांपासून मोकळं असलेलं औषध मोजतं. एकूण प्रमाण हवं असेल तर कॅलिब्रेशन त्याच प्रथिनयुक्त मॅट्रिक्समध्ये करा आणि अहवालात "एकूण" की "मुक्त" हे स्पष्ट लिहा. डॉक्टर हा आकडा पाहून डोस ठरवणार असेल तर हा एक शब्द रुग्णाच्या जिवाशी जोडलेला आहे.

संहतीची पट आणि हाती आलेली टक्केवारी वेगवेगळी द्या, एकीवरून दुसरी वाचणाऱ्याने काढावी अशी अपेक्षा ठेवू नका. मोजण्याच्या खालच्या मर्यादेखाली आलेल्या सॅम्पलला "शून्य" लिहू नका, "मर्यादेपेक्षा कमी" लिहून ती मर्यादा शेजारी द्या. प्रत्येक आकड्यापुढे कोणतं फायबर, त्याचा कितवा वापर, कोणत्या बॅचचा तंतू, हे वहीत असू द्या. जुनं होत चाललेलं फायबर एकाएकी बिघडत नाही, आठवड्याला थोडं थोडं कमी उचलतं, आणि ती घसरण या नोंदीतूनच दिसते.

अहवाल दुसऱ्या कुणी तपासून होईपर्यंत प्रत्येक सॅम्पलचा उरलेला भाग, आम्ल न घालता, गोठवून ठेवा. "औषध कुठे आहे?" असं कुणी विचारलंच, तर परत जाऊन बघायला तेवढंच हातात असतं.